गुलाबाचें मूळ व कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. गुलाबाच्या बाबतींत मात्र हीं दोन्ही विचारल्यावांचून कात्रीस हात घालूं नये, असें आमचें मत झालें आहे. आणि त्याचें कारण आमच्याच परसांतलें आहे. वडिलांनीं पुण्याच्या घरीं लावलेला गुलाब त्यांच्यामागें पांच-सहा वर्षें कोणीं छाटला नाहीं. तो कुंपणावरून शेजारच्या अंगणांत उतरला. कांटे उदंड, फुलें मात्र वर्षाकाठीं दोन-चार! घरांतील तरुण मंडळींचा आग्रह, कीं तो उपटून टाकावा. आईचें म्हणणें एवढेंच, कीं ‘ह्यांनीं लावलेला आहे, त्याला कोणीं हात लावूं नये.’ दोन्ही पक्षांस आम्ही उत्तर देऊं शकलों नाहीं, म्हणून गुलाबाच्या इतिहासाकडे वळलों.

जुन्या युरोपांतील बहुतेक गुलाब वर्षांतून एकदांच, उन्हाळ्याच्या आरंभीं, फुलत. शरदांत पुन्हां थोडीं फुलें देणारा दमास्कस-जातीचा एक गुलाब काय तो अपवाद. या एकवार फुलणाऱ्या गुलाबांचीं फुलें बहुशः मागील वर्षाच्या फांद्यांवर येत. त्यामुळें हिवाळ्यांत झाड खरडून छाटणारा माळी येत्या हंगामाचा बहरच कापून टाकी. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनच्या बागांतील लाल व गुलाबी गुलाब इंग्लंडांत पोंचले. १८०९ सालीं फिकट गुलाबी आणि १८२४ सालीं पिवळा, असे चहासारख्या सुवासाचे आणखी दोन त्यांच्यामागून आले. फ्रेंच लोक चिनी गुलाबास ‘बंगालचा गुलाब’ म्हणत. चीनचा माल कलकत्त्यावरून येई, त्याची ही खूण. या पाहुण्यांचा गुण असा, कीं प्रत्येक नव्या फुटीच्या टोंकाशीं ते कळी धरीत, आणि उंचीनें ठेंगणे राहत.

हे दोन गुण एकत्र कां नांदतात, याचा उलगडा २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें केला. गुलाबाच्या अंगीं फुलण्यास आवर घालणारें एक जनुक असतें. चिनी वंशांत त्याच्या मध्यें दुसरा तुकडा घुसल्यामुळें तो आवर सुटला. जेथें तें जनुक अभंग आहे, तेथें झाड आपली शक्ति वाढण्यांत खर्च करतें आणि हंगामांत एकदांच फुलतें. म्हणजे बोकाळणें आणि न फुलणें या आम्हांस दोन वाटलेल्या तक्रारी बऱ्याचदां एकच असतात.

पुढें हिंदी महासागरांतील बूर्बों, म्हणजे आजच्या रियुनियन, बेटावर मळ्यांच्या कुंपणांस लावलेल्या चिनी व दमास्कस गुलाबांचा आपोआप संकर झाला. १८१७ च्या सुमारास तो जाणत्यांच्या नजरेस आला, व त्याचें बीं पॅरिसला गेलें. १८६७ सालीं लियोंच्या गियो यांनीं ‘ला फ्रान्स’ हा गुलाब प्रसिद्ध केला. आजच्या लांब देठाच्या, मोठ्या फुलांच्या घराण्याचा तो आद्यपुरुष मानला जातो. या घराण्यांतील पुष्कळ मंडळी स्वतःच्या मुळांवर नाजूक असतात. म्हणून माळी त्यांचा डोळा एखाद्या राकट गुलाबाच्या खुंटावर भरतो. गंमत अशी, कीं बूर्बों बेटावरचा तोच ‘एदुआर’ गुलाब उत्तर हिंदुस्थानांत ‘एडवर्ड’ नांवानें दुसऱ्यांचा खुंट बनला! वरचें कलम दुबळें झालें, कीं खुंटाचे फुटवे जोर करतात आणि मालकाच्या घरांत भाडेकरूनें बस्तान बसवावें तसें होतें.

दसरा झाला, पाऊस सरला, तेव्हां आम्हीं आळें उकरलें. जवळजवळ सगळ्या फांद्या कलमाच्या गांठीखालून निघालेल्या. त्यांचीं पानें बारीक व फिकट. गांठीच्या वरून आलेली जुनी फांदी एकच, बोटाएवढी जाड, काळसर पानांची. वर्षाकाठचीं दोन-चार फुलें तिचीं होतीं. एका देठावर सात पानें दिसलीं कीं फांदी रानटी, असें सांगतात. पण कांहीं बागेच्या गुलाबांनाही सात येतात, म्हणून फांदी कोठून निघाली तें पाहणें हीच खरी कसोटी. फुटवे कापले तर पुन्हां येतात. ते आम्हीं मुळापाशीं ओढून उपटले. जुन्या फांदीचें वाळलेलें टोंक बाहेरच्या अंगास पाहणाऱ्या डोळ्यावर छाटलें, शेणखत घातलें, आणि न जाणो म्हणून तिचे दोन डोळे दुसऱ्या खुंटांवर भरून ठेवले.

मार्गशीर्षांत त्या फांदीवर तीन फुलें आलीं. आईनें एक हुंगून ‘हाच तो’ एवढेंच म्हटलें. उपटा म्हणणाऱ्यांनीं त्यास एका दिवसांत घालविलें असतें, आणि हात लावूं नका म्हणणाऱ्यांनीं आणखी दोन वर्षांत. दोघांनाही तें आतां मान्य आहे. भरलेल्या डोळ्यांपैकीं एक जगला असून तो धाकट्या भावाच्या अंगणांत जावयाचा आहे.