खोडदची रेडिओ दुर्बीण व लिनक्स संगणक

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० थाळ्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात एकवटल्या असून उरलेल्या तीन भुजांवर विखुरल्या आहेत. दक्षिणेची भुजा आंबेगाव तालुक्याच्या दिशेने जाते.

या शास्त्राच्या मुळाशी हौशी रेडिओ आहे. ग्रोट रेबर या अमेरिकन हौशी प्रचालकाने १९३७ मध्ये व्हीटन (इलिनॉय) येथे घरालगत स्वखर्चाने थाळी उभारून आकाशाचा रेडिओ नकाशा काढला. एका थाळीचे काम एकट्याला पेलले. खोडदला मात्र ३० थाळ्यांच्या ४३५ जोड्या होतात व प्रत्येक जोडीतील संदेशांचा परस्परसंबंध सतत काढावा लागतो. प्रारंभी हे काम खास घडविलेल्या विद्युत् मंडलांकडे होते. मंडल एकदा जुळविले की त्यात फेरफार करणे कष्टाचे असते. २०१० च्या सुमारास हे काम बाजारात मिळणाऱ्या सामान्य संगणकांच्या समूहावर, लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या आज्ञावलींकडे आले. लिनक्सचा गाभा लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसृत केला. त्याची मूळ आज्ञावली खुली असते. जुन्या दणकट लॅपटॉपवर लिनक्स बसवून रेडिओ ऐकणारा हौशी प्रचालक लहान प्रमाणावर हेच करतो : पूर्वी मंडलांनी होणारे काम तो आज्ञावलीने करतो. पुढे दुर्बिणीच्या सुधारित आवृत्तीत संदेशपट्टा ३२ वरून ४०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत रुंदावला.

रुंद पट्ट्यात आकाशाबरोबर माणसाचा गोंगाटही अधिक शिरतो. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचे क्षणिक स्पंद आज्ञावली ओळखून वगळते. पण अखंड चालणाऱ्या प्रबल प्रक्षेपणाखाली दबलेला क्षीण संदेश तिला परत मिळविता येत नाही. डोंगरांच्या आडोशामुळे लाभणारी शांतता हेच ही जागा निवडण्याचे एक कारण होते, आणि तिची किंमत परिसरालाही मोजावी लागते. औद्योगिक प्रकल्पांना येथे निर्बंध आहेत. नारायणगाववरून जाणाऱ्या नियोजित पुणे–नाशिक लोहमार्गाची आखणी २०२० च्या दशकात याच दुर्बिणीमुळे अडली. रेल्वेची वाट पाहणाऱ्या येथील शेतकऱ्याची व व्यापाऱ्याची तक्रार गैरवाजवी म्हणता येत नाही.