लेप्टोस्पायरोसिस, घोड्यांतील

मुंबईकरांना पावसाळ्यातला ‘लेप्टो’ चांगलाच ठाऊक असतो. गाभण घोडीत हाच आजार पोटातल्या शिंगराच्या जिवावर उठतो. पीळदार लेप्टोस्पायरा जंतू बाधित प्राण्यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात, चिखलात मिसळतात आणि डोळ्या-तोंडाच्या नाजूक अस्तरातून किंवा जखमेतून शरीरात शिरतात.

घोडेपैदाशीसाठी नावाजलेल्या अमेरिकेतील केंटकी राज्यात याचा उपद्रव जुना आहे. तिथला मुख्य दोषी पोमोना हा उपप्रकार. स्कंक आणि रॅकून त्याचे वाहक. पंचाईत अशी, की घोडी बहुधा धडधाकट दिसते आणि अकरा महिन्यांच्या गर्भकाळाच्या उत्तरार्धात अचानक गाभडते. वार सुजलेली असते, गर्भाचे यकृत वाढलेले. कधी त्याला कावीळही दिसते. निदान वारेच्या व गर्भाच्या मूत्रपिंडाच्या तपासणीवरून आणि घोडीच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून होते. गाभडलेली घोडी पुढे कित्येक आठवडे मूत्रातून जंतू सोडू शकते. म्हणून तिला वेगळे बांधणे प्रतिजैविकांइतकेच निकडीचे.

या जंतूंमुळे डोळ्यांना वारंवार दाह होऊन घोडा आंधळाही होतो. अमेरिकेत घोड्यांसाठीची लस २०१५ मध्ये बाजारात आली.