मिनिटाला सहा श्वास

कमजोर हृदय आणि बिघडलेला श्वास यांचं नातं पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते डब्लिनमध्ये. जॉन चेन या डॉक्टरने 1818 मध्ये आपल्या एका साठ वर्षांच्या रुग्णाचा श्वास टिपला: पाव मिनिट श्वास पूर्ण बंद, मग हलकेच सुरू, वाढत वाढत धापेपर्यंत, पुन्हा ओसरत ओसरत बंद. त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सने 1854 च्या आपल्या ग्रंथात अशा श्वासाची सांगड हृदयविकाराशी घातली. ‘चेन-स्टोक्स’ हे नाव डॉक्टरांच्या तोंडी आजही आहे.

पण श्वासाकडे तेव्हा फक्त लक्षण म्हणून पाहिलं जाई. रुग्णाला सांगणं एकच: पडून राहा. ‘हार्टचं पंपिंग कमी झालंय’ म्हटलं की घरचे जिना चढू देत नसत, आणि न वापरलेले पाय आणखी दुबळे होत. 1990 मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू कोट्स आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना घरीच सायकल चालवायला लावली. त्यांची ताकद वाढली, धाप कमी झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं पाऊल हेच.

पुढचा प्रश्न इटलीत पाव्हियाच्या लुचियानो बेर्नार्दी यांनी विचारला. हृदय श्वास बिघडवतं, तर श्वास सुधारून हृदयरुग्णाला बळ देता येईल का? 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं उत्तर छापून आलं. त्यांनी रुग्णांना योगातला पूर्ण श्वास शिकवला: आधी पोट, मग बरगड्या, शेवटी छातीचा वरचा भाग, आणि गती मिनिटाला सहा. महिनाभराच्या सरावानंतर त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन किंचित वाढला, व्यायामाची वेळ लांबली, दम लागल्याची जाणीव उतरली. सराव केलेले रुग्ण जेमतेम नऊ होते आणि औषधं कुणाचीही सुटली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

हळू श्वासाचा फायदा साध्या हिशेबात दिसतो. प्रत्येक श्वासातली सुमारे 150 मिलिलिटर हवा नाक, घसा, श्वासनळीतच राहते. तिचा रक्ताला उपयोग नाही. मिनिटाला 400 मिलिलिटरचे पंधरा उथळ श्वास घेतले तर सहा लिटर हवेतली 3750 मिलिलिटरच कामी येते. तीच सहा लिटर हवा एकेका लिटरच्या सहा श्वासांत घेतली, तर 5100.

मग नेमके सहाच का? त्याचं मूळ आणखी मागे आहे. 1876 मध्ये सिग्मंड मायरने रक्तदाबात येणाऱ्या संथ लाटांची नोंद केली. माणसात अशी एक लाट साधारण दहा सेकंदांची असते. दाब वाढला की मानेतल्या धमनीतले संवेदक मेंदूला कळवतात, मेंदू रक्तवाहिन्या सैल करायला सांगतो, आणि हा निरोप पोचून अंमल व्हायला काही सेकंद जातात. त्यातून ती लय घडते. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी जुळतात, जसा झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला धक्का. कमजोर हृदयाच्या माणसात दाब सांभाळणारी ही यंत्रणाच मंदावलेली असते.

या लयीचा माग बेर्नार्दींना प्रार्थनेतही लागला. 2001 च्या अभ्यासात निरोगी माणसांनी लॅटिन ‘आवे मारिया’ म्हटली, तसाच ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा मंत्रही. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना. अर्धी एकाने, अर्धी इतरांनी म्हणायची. एक आवर्तन सुमारे दहा सेकंदांचं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे हीच जपमाळ, होतो; त्याची घडणही तीच.

इथे लोणावळ्याचा उल्लेख मला हवाच आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापलं, योगक्रिया एक्स-रे आणि रक्तदाबाच्या यंत्राखाली तपासल्या आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’त छापले. श्वासाच्या साधनेला प्रयोगशाळेत आणण्याचं काम बेर्नार्दींच्या कितीतरी आधी आपल्याकडे सुरू झालं होतं.

2002 मध्ये बेर्नार्दी पुन्हा हृदयरुग्णांकडे वळले. मिनिटाला सहा श्वासांवर रक्तदाब सांभाळणाऱ्या त्या मंदावलेल्या यंत्रणेची संवेदनशीलता वाढलेली त्यांना आढळली.