परगण्यावर बसलेला तालुका

पुण्याला वेढून हवेली तालुका आहे, पण हवेली नावाचं गाव शोधायला जाल तर सापडणार नाही. सुलतानी-मुघलाईत मुख्य ठाण्याच्या भोवतालच्या मुलखाला हवेली म्हणत. तो हिशेब नकाशावर तसाच राहून गेला.

तेव्हा वसुलीचा घटक होता परगणा. परगण्यात देशमुख-देशपांडे, गावात पाटील-कुलकर्णी. चौघेही वतनदार; राज्यं बदलली तरी हे जागचे हलत नसत. त्यांच्यावर सरकारचा माणूस म्हणून पेशव्यांनी मामलतदार, कमाविसदार नेमले. दुसऱ्या बाजीरावाने तर मामलती मक्त्यानेच द्यायला सुरुवात केली. ज्याची बोली मोठी, त्याच्या हाती मुलूख. रयतेचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. १८१८ला पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या एल्फिन्स्टनने मक्ते मोडले, मामलतदार मात्र ठेवला, पगारी करून, कलेक्टरच्या हाताखाली. मामलतदाराचा तालुका आवाक्याबाहेरचा असला तर त्यातून पेटा किंवा महाल काढायचा आणि तिथे महालकरी बसवायचा. १९२१च्या सत्याग्रहातला 'मुळशी पेटा' तो हाच.

नागपूरकडे तालुक्याला तहसील म्हणत. निजामाच्या मराठवाड्यात आणखी गंमत: तिथला अव्वल तालुकदार म्हणजे चक्क जिल्ह्याचा कलेक्टर, आणि तालुक्यावर तहसीलदार.

१९५६ला हे तिन्ही संसार मुंबई राज्याच्या एका छपराखाली आले. १९६६च्या जमीन महसूल संहितेने एकच उतरंड लावली: विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, सजा, गाव. उपविभागीय अधिकाऱ्याला लोक अजून 'प्रांत'च म्हणतात. मामलतदाराचा राज्यभर तहसीलदार झाला. गोव्यात मामलतदार अजून खुर्चीवर आहे, ठाण्यात 'मामलेदार' मिसळीच्या पाटीवर. आणि शेतरस्ता कुणी अडवला तर आपला तहसीलदारही १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याचाच आधार घेतो.

या संहितेच्या आधीच, वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर, १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या होत्या. गटविकास अधिकाऱ्याच्या गटाची हद्द बहुतेक ठिकाणी तालुक्याचीच. वसुलीच्या सोयीने आखलेली रेघ शाळा-दवाखान्यांच्याही सोयीची असेल, हे मला तरी गृहीत धरवत नाही. पण दुसरी रेघ ओढण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. त्यामुळे एकाच तालुक्याच्या गावी आज दोन कचेऱ्या आहेत: रस्त्याच्या भांडणासाठी तहसील, घरकुलासाठी पंचायत समिती.