भिंगाला पाठ नसते

चष्म्याची काच पुसताना आपण ती चिमटीत धरतो. एक बाजू पुसून झाली की दुसरी पुसायला घेतो. तेवढ्यात पहिलीवर बोटाचा ठसा उमटलेला असतो. आपली ही रोजची कटकट एकोणिसाव्या शतकातल्या दुर्बिणी घडवणाऱ्यांना जन्मभर पुरली.

अमेरिकेत केंब्रिजपोर्ट येथे अल्वन क्लार्क आणि त्यांचे दोन मुलगे मोठी भिंगे घडवीत. थोरले क्लार्क मूळचे माणसांची चित्रे रंगवणारे. अशा दुर्बिणीच्या तोंडाशी दोन भिंगे लागतात. एकाने फाकवलेले रंग दुसरे पुन्हा एकत्र आणते. म्हणजे घडवायच्या बाजू चार.

एक बाजू कुरुंदाच्या पुडीने घासून, घोटून झाली की काच उलटायची. तयार बाजू खाली जाते. तिला ओरखडा चालत नाही, म्हणून बैठक मऊ हवी. पण ती सगळीकडे सारखी टेकली नाही, तर जड काच किंचित वाकते. वाकलेल्या काचेवर अचूक गोलाई आणली, तरी काच मोकळी होताच ती बिघडते. केलेली मेहनत पाण्यात!

दुसरी अडचण मेळाची. गझलेच्या शेरातले दोन मिसरे आपापल्या जागी कितीही सुंदर असोत, एकमेकांशी जुळले नाहीत तर शेर होत नाही. भिंगाच्या दोन्ही गोलाईंची केंद्रेही एकाच आसावर, भिंगाच्या मधोमध यावी लागतात. कड एका अंगाला जाड राहिली, तर भिंग लोलकासारखे वागते. ताऱ्याचा ठिपका न दिसता रंगीत रेघ दिसते. म्हणून कारागीर कडेभोवती जाडी मोजत राहतो आणि जाड अंग अधिक घासतो. लहान भिंगांसाठी जुनी युक्ती होती. भिंग फिरत्या दांड्याच्या टोकाला गरम राळेने चिकटवायचे आणि समोर मेणबत्ती ठेवायची. काचेतली ज्योतीची दोन्ही प्रतिबिंबे डुलत असतील, तर राळ मऊ आहे तोवर भिंग हलकेच सरकवायचे. प्रतिबिंबे थिरावली की आस साधला. मग कड घासायची.

थोरले क्लार्क १८८७ मध्ये वारले. यर्क्स वेधशाळेची ४० इंची भिंगे धाकट्या अल्वन ग्रॅहम यांच्या हाती आली. काच पॅरिसच्या मांत्वा यांची. दोन्हींचे वजन मिळून सुमारे २२५ किलो. त्यातले एक मध्ये अडीच इंच जाड, तर कडेला जेमतेम पाऊण इंच. मे १८९७ मध्ये ती विस्कॉन्सिनमधल्या दुर्बिणीत बसली, तारे दिसले. पुढच्याच महिन्यात, ९ जूनला, अल्वन ग्रॅहम गेले.

वेधशाळेत वापरलेली त्याहून मोठी भिंगाची दुर्बीण नंतर झाली नाही. आरशाला पाठ असते. तिच्याखाली हवे तितके आधार देता येतात. भिंगातून उजेड आरपार जायचा, म्हणून त्याला फक्त कडेने धरता येते, आणि मोठे भिंग स्वतःच्याच वजनाने वाकते. १९१७ मध्ये माउंट विल्सनवर १०० इंची आरसा उभा राहिला आणि पुढचा रस्ता ठरला.

यर्क्स वेधशाळा २०१८ मध्ये बंद झाली, २०२२ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडली. क्लार्कांची भिंगे तिथेच आहेत, कडेने धरलेली, दोन्ही बाजूंनी निर्मळ.