इमारतींतील बिनतारी संदेशांचे चढउतार : सांख्यिकीय अभ्यासाचा इतिहास

बिनतारी संदेश वाहून नेणारे विद्युत् चुंबकीय तरंग इमारतीच्या आत भिंती, छत, जमीन, लोखंडी कपाटे व माणसे यांवरून परावर्तित होऊन अनेक मार्गांनी ग्राहीपर्यंत (संदेश ग्रहण करणाऱ्या साधनापर्यंत) पोहोचतात. मार्गांच्या लांबीतील फरकामुळे त्यांपैकी काही तरंग परस्परांना पूरक ठरतात, तर काही परस्परांना मारक होतात. २·४ गिगॅहर्ट्झ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) तरंगाची लांबी सु. १२·५ सेंमी. असते, त्यामुळे ग्राही काही सेंमी. हलविला, तरी सशक्त संदेश जवळजवळ नाहीसा होऊ शकतो. दार उघडल्यानेही मार्ग बदलत असल्यामुळे प्रत्येक बिंदूपाशी संदेशाची शक्ती गणिताने काढणे व्यवहार्य नसते. ती विशिष्ट मर्यादेखाली जाण्याची संभाव्यता मात्र काढता येते.

इतिहास : या विचाराचे मूळ ध्वनिशास्त्रात आहे. एकाच कंप्रतेची, परंतु यदृच्छ (योगायोगाने ठरणाऱ्या) कलांची अनेक कंपने एकत्र आल्यास काय होते, याचा विचार लॉर्ड रॅली यांनी १८८० मध्ये केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वितरणानुसार संदेशाची शक्ती सरासरीच्या एक-दशांशाखाली जाण्याची संभाव्यता सु. ९·५ टक्के व एक-शतांशाखाली जाण्याची सु. १ टक्का असते. अनेक परावर्तित तरंगांबरोबर एखादा प्रबळ थेट तरंगही असेल, तर एस. ओ. राइस यांनी १९४४-४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनातील वितरण लागू पडते. एम. नाकागामी यांनी १९६० मध्ये इंग्रजीतून मांडलेले वितरण अधिक लवचिक असून त्याचा पाया लघुतरंग संदेशांच्या मापनांत होता.

इमारतींतील मार्गांचा अभ्यास पुढे वेगळा होऊ लागला. ए. ए. एम. सालेह व आर. ए. व्हॅलेन्झ्वेला यांनी अमेरिकेतील एका दुमजली कार्यालयीन इमारतीत केलेल्या मापनांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. परावर्तित तरंग सुटे न येता गटागटांनी येतात व त्यांची सरासरी शक्ती काळानुसार घातीय रीतीने घटते, असे त्यांचे प्रतिमान आहे. खोल्यांमध्ये विलंबाच्या प्रसाराचे मध्यक मूल्य २५ नॅनोसेकंद आढळले. एवढ्या काळात प्रकाश सु. ७·५ मी. अंतर कापतो.

कोसंबी यांचे कार्य : वरील वितरणे एका क्षणाची किंवा एका जागेची स्थिती सांगतात. शक्ती काळानुसार कशी बदलते, हे जाणण्यासाठी संपूर्ण फलनच यदृच्छ मानावे लागते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असताना दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकातील निबंधात असे फलन परस्परांशी सहसंबंध नसलेल्या गुणकांच्या श्रेणीत मांडण्याची रीत दिली. नंतरच्या काही वर्षांत कारी कारूनेन व मिशेल लोएव्ह यांनीही ती स्वतंत्रपणे मांडली आणि ती दीर्घकाळ केवळ त्यांच्याच नावांनी ओळखली गेली. आता अनेक लेखक तिला कोसंबींचे नावही जोडतात. मराठी वाचकांना कोसंबी प्रामुख्याने प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत. तथापि प्राचीन नाण्यांच्या वजनांचा अभ्यासही त्यांनी सांख्यिकीच्याच आधारे केला होता. ही रीत बिनतारी संदेशांसाठी योजलेली नव्हती. परंतु शक्तीतील बदल सावकाश होत असेल, तर श्रेणीची थोडीच पदे पुरतात. त्यामुळे संदेशमार्गाचा अंदाज बांधण्यासाठी ती उपयुक्त ठरली आहे.

उपयोग व मर्यादा : ग्राहीला पुरेशा अंतरावर दोन आकाशक बसविल्यास आणि त्यांवरील चढउतार परस्परांपासून स्वतंत्र असल्यास, दोन्हींवरील शक्ती एकाच वेळी सरासरीच्या एक-शतांशाखाली जाण्याची संभाव्यता सु. १ टक्क्यावरून सु. ०·०१ टक्क्यावर येते. मात्र वितरणाचे रूप सार्वत्रिक असले, तरी त्यातील स्थिरांक इमारतीवर अवलंबून असतात. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावात जाड मातीच्या भिंतींचे घर, पत्र्याच्या छपराची शाळा व काँक्रीटचे कार्यालय शेजारी शेजारी असू शकतात. या तिन्हींना परदेशी कार्यालयात मोजलेले स्थिरांक जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यांसाठी तेथेच मापन करावे लागते.