दापोडीचे उद्यान आणि कोकणातील वने

पुण्याजवळील दापोडी येथील वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने शल्यवैद्य होते. जंगलतोडीमुळे दक्षिण कोकणातील ओढे आटत आहेत, ही गोष्ट त्यांनी मुंबई सरकारच्या निदर्शनास आणली. १८४७ मध्ये इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. पुढे १८५१ मध्ये डॉ. ह्यू क्लेगहॉर्न प्रभृतींनी उष्ण प्रदेशांतील वननाशाच्या परिणामांविषयीचा अहवाल ब्रिटिश असोसिएशनला सादर केला.

वृक्षतोडीने पर्जन्य घटतो, हे त्या काळी मोजमापांनी सिद्ध झालेले नव्हते. झरे आटणे व माती वाहून जाणे मात्र प्रत्यक्ष दिसत होते. सरकारने या निरीक्षणांकडे लक्ष दिले, त्यास जहाजबांधणीसाठी लागणाऱ्या सागवानाची चिंता हेही एक कारण होते. १८७८ च्या कायद्याने राखीव वनांवरील सरकारी सत्ता दृढ झाली आणि रानावर उपजीविका करणाऱ्यांचे परंपरागत हक्क आकुंचित झाले.

यावरून एवढे स्पष्ट होते की, संशोधन संकटाची सूचना देते. परंतु त्याच्या निवारणाचा भार कोणी वाहावा, हे संशोधनातून आपोआप निष्पन्न होत नाही. तो निर्णय राज्यकर्त्यांचा असतो. विज्ञानाचे नाव पुढे करून त्यांना त्याचे उत्तरदायित्व टाळता येत नाही.